जितके आत, तितके ठोके

१

म्हातारपणी माणसं देवाधर्माला लागतात. एवाल्ड कॉर्नेली वटवाघळांना लागला. गावच्या कचेरीत अडतीस वर्षं त्याने जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मोजायला काही नसलं तर आपल्याला जेवण जात नाही. वटवाघळं बरी होती. ती अर्ज घेऊन येत नसत, दाखला आजच हवा म्हणून खिडकीवर डोकं आपटत नसत, आणि थंडीत तर जागची हलतही नसत. इतके समंजस पक्षकार त्याला नोकरीत कधी भेटले नव्हते.

जर्मनीतल्या ह्युर्टगेनच्या रानात, गावाखालच्या उतारावर, दुसऱ्या महायुद्धातले अकरा बंकर उरले होते. म्हणजे जिंकणाऱ्यांनी जाताना ते सुरुंग लावून उडवले होते, पण ते पुरते उडाले नव्हते. पुरुषभर जाड भिंती कलंडल्या, छपरं वाकडी होऊन बसली, वर शेवाळ चढलं, शेवाळावर झाडं आली. त्या रानात माणसं किती मेली याचा आकडा दोन पुस्तकांत एकसारखा सापडत नसे, आणि हे एवाल्डला मेलेल्यांपेक्षाही जास्त सलत असे. हल्ली तिथे वटवाघळं झोपत. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून सरकारने प्रत्येक तोंडाला लोखंडी जाळीचं दार बसवलं होतं. माणसांसाठी तेव्हा कोणी एवढा खर्च केला नव्हता.

जानेवारीतल्या दुसऱ्या शनिवारी गणती असे. एवाल्डच्या जोडीला त्याच्या बहिणीचा नवरा वेंडेलिन. लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला, बोलण्यात आणि खाण्यात हात न आखडणारा माणूस. पण तीन महिन्यांपूर्वी त्याच्या हृदयात स्टेंट बसवली होती, आणि म्हणून त्या सकाळी एवाल्डची बहीण ओटिली दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती.

"याने आत पाऊल टाकायचं नाही," ती एवाल्डला म्हणाली. "बाहेर बसायचं, कॉफी प्यायची."

"कॉफीच प्यायची तर घरी काय वाईट आहे?" वेंडेलिनने विचारलं.

"घरी बसलास की माझं डोकं खातोस."

तिने औषधाच्या फवाऱ्याची कुपी नवऱ्याला न देता भावाच्या खिशात घातली. छातीत धरलं तर जिभेखाली दोनदा मारायचं. "हा हरवेल. तू नाही हरवणार. आणि ऐक, जसा नेतोयस तसा परत आण. नाही आणलास तर तूही येऊ नकोस."

"ऐकलंस ना मेहुण्या?" वेंडेलिन म्हणाला. "माझ्या जिवावर तुझं जेवण आहे."

"चारला सूप गरम असेल. दार उघडंच आहे," ओटिली म्हणाली आणि आत गेली.

२

गणतीची एक रीत होती, आणि ती वेंडेलिनच्या बापाकडून आली होती. तो कोळशाच्या खाणीत होता. खाणीत उतरताना माणसाने आपला पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला लावायचा आणि वर आला की काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला लटकतोय, म्हणजे माणूस खाली आहे. बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा, दुसऱ्याने हात लावायचा नाही. आणि फळी मोकळी झाल्याशिवाय दाराला कुलूप नाही, कोणी घरी जाणं नाही.

तीच चार खिळ्यांची फळी हे दोघे जाळीच्या दाराला अडकवत. एक आत जाई, एक बाहेर थांबे. बाहेरच्याने दर दहा मिनिटांनी जाळीवर सळई वाजवायची आणि आतल्याने दगडाने भिंतीवर उत्तर द्यायचं. जितके आत, तितके ठोके. दोघांच्या गणतीत उत्तर नेहमी एकच येणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण रीत ती रीत.

खरं तर दोघांनी आळीपाळीने आत जाऊन वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे जुळवायचे असत. ओटिलीच्या अटीमुळे एवाल्ड एकटाच दोन-दोनदा आत जात होता. आठ बंकरांत त्याचा आकडा त्याच्याच आकड्याशी बिनचूक जुळला. त्याला ते आवडलं नव्हतं. अशी जुळणी म्हणजे माणसाने स्वतःलाच दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र.

दुपारी दोनच्या सुमाराला ते नवव्याशी पोचले. याला ते स्वयंपाकघर म्हणत, कारण छपरातलं शेगडीच्या धुराड्याचं भोक अजून शाबूत होतं. दाराजवळचं एक मोठं झाड गेल्या वादळात मुळासकट उलथलं होतं. मुळांच्या खड्ड्यात बर्फ साचला नव्हता. ओली काळी माती होती, आणि मातीत करड्या रंगाचं काहीतरी.

वेंडेलिनने वाकून उचललं. "डब्याचं झाकण."

एवाल्डने चष्मा वर केला. जस्ताचा अंडाकृती बिल्ला. मधोमध खाचांची आडवी ओळ आणि ओळीच्या वर-खाली तेच आकडे, तीच अक्षरं.

"सैनिकाचा आहे. माणूस पडला की खालचा अर्धा मोडून घ्यायचे आणि कचेरीला पाठवायचे. वरचा त्याच्याच गळ्यात राहायचा." त्याने खाचांवरून अंगठा फिरवला. "हा अख्खा आहे."

"मग?"

"मग काय? याचं अजून कोणी कळवलंच नाही. कागदावर हा मेलेला नाही."

"इतकी वर्षं? कचेरीसुद्धा एवढा वेळ लावत नाही रे."

"लावते," एवाल्ड म्हणाला.

नियमाने बिल्ला होता तिथेच ठेवून जागेवर खूण करायची आणि पोलिसांना सांगायचं. पण तो उचलला गेलाच होता. एवाल्डच्या एका खिशात कुपी होती, दुसऱ्यात वही, हातमोजे भिजलेले. बोटं इतकी बधिर झाली होती, की हातातली वस्तू आहे का पडली हे बघावं लागत होतं. हरवला तर? सोमवारी तो पोलिसांकडे द्यायचा होता. वस्तू आपल्या जागी असली की हरवत नाही, यावर त्याने सगळी नोकरी काढली होती. फळीवरचे चारही खिळे रिकामे होते. त्याने अंडाकृती बिल्ला त्यातल्या एकाला अडकवला. तेवढ्यापुरता.

"झालं," वेंडेलिन म्हणाला. "तिसरा गडी हजर."

एवाल्डने शेजारच्या खिळ्यावर आपला पितळी बिल्ला लावला आणि तो आत गेला.

३

स्वयंपाकघराला तीन खोल्या होत्या. पहिली कलंडलेली, तिथे भिंतीला हात लावून चालावं लागे. दुसरी लांबट, भिंतींत खाटा टांगायच्या गंजक्या कड्या. तिसरी, अगदी आतली, जवळजवळ धड. तिथे माणूस सरळ उभा राहू शकत असे.

तो विजेरी जमिनीकडे धरून चालला. पहिल्या खोलीत चार. दुसरीत अकरा, पाच एका फटीत दाटीवाटीने, पोस्टातल्या रांगेसारखी. तिसरीत दोन. सतरा.

बाहेर वेंडेलिनने सळई वाजवली. एवाल्डने दगड उचलून भिंतीवर एकदा मारला. आवाज काँक्रीटमधून कुठेतरी खाली गेला आणि बऱ्याच वेळाने थांबला. या बंकरात प्रतिध्वनी घुमतो हे त्याला आठवत नव्हतं. पण न आठवणाऱ्या गोष्टी आताशा वाढल्या होत्या.

परत फिरताना दुसऱ्या खोलीत त्याला वाटलं, मागे कोणीतरी दबक्या आवाजात मोजतंय. तो थांबला. आवाजही थांबला. आपणच पुटपुटतो, त्याने स्वतःला बजावलं. ओटिली म्हणतेच तसं. बाहेर येऊन त्याने आपला बिल्ला काढून घेतला.

वेंडेलिन ओंडक्यावर बसला होता. कॉफीचा पेला हातात तसाच थंड झालेला.

"आत काय चेष्टा चालवलीस?"

"कसली?"

"दोन ठोके कशाला मारलेस?"

"एक मारला."

"दोन. एक तुझा, चिडका. आणि मग एक सावकाश, जोर लावून. लाकडावर घण मारतात तसा."

"प्रतिध्वनी असेल."

"चाळीस वर्षं गिरणीत काढलीत मी. एका पात्याचा आवाज कुठला आणि दोन पात्यांचा कुठला, हे झोपेतही सांगेन." वेंडेलिनने पेला उपडा केला. "आकडा किती?"

"सतरा."

"आता मी मोजतो."

"ओटिली काय म्हणाली?"

"ओटिलीला वटवाघळांतलं काय कळतं? आठ बंकर तू स्वतःच्याच पाठीवर थाप मारत फिरलास. एक तरी खरा होऊ दे. शिवाय आत कोण आहे ते बघायला हवं. कोणीतरी बेघर शिरला असेल या थंडीत. गारठून मरायचा."

"दाराला कुलूप होतं."

"मग तू चुकलास म्हण. म्हणून टाक की, मी दोनदा मारला."

एवाल्डने ते म्हटलं असतं तर वेंडेलिन बाहेर बसून राहिला असता. पुढे त्याला हे पुन्हा पुन्हा वाटणार होतं. पण ज्याने अडतीस वर्षांत एक खोटी नोंद केली नाही, त्याच्या तोंडून तेवढं वाक्य निघेना.

"दहा मिनिटं," तो म्हणाला. "पंधरा नाही."

"जी सरकार." वेंडेलिनने आपला पितळी बिल्ला अंडाकृती बिल्ल्याच्या शेजारी लावला, स्वतःची विजेरी घेतली आणि पोट आत ओढून दारातून शिरला.

४

रानात हालचाल नव्हती. उतारावर धुकं उतरत होतं, पण उजेड अजून चांगला होता. वहीतली अक्षरं दिसत होती. एवाल्डने तारीख, तापमान, सतरा, असं लिहिलं आणि दुसऱ्या आकड्यासाठी रकाना मोकळा ठेवला.

दहा मिनिटं झाल्यावर त्याने सळई वाजवली.

एक ठोका आला. चटकन, नेहमीच्या वेंडेलिनचा. दारू मागवताना टेबलावर मारतो तसा. एवाल्ड हसणार होता. तेवढ्यात दुसरा आला.

सावकाश. जोर लावून.

आता प्रतिध्वनी म्हणायची सोय राहिली नव्हती. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मोठा होत नाही. चेष्टा, मग. मघाशी मी केली असं याला वाटतंय, म्हणून हा उट्टं काढतोय. हे पटण्यासारखं होतं. वेंडेलिनने एकदा लग्नाच्या पंगतीत पाद्रीबुवांच्या खुर्चीखाली जिवंत बदक सोडलं होतं.

त्याने पुन्हा सळई वाजवली. वेळ झाली नसताना. पुन्हा दोन. चटकन, आणि सावकाश. या वेळी दुसरा ठोका पहिल्यापेक्षा जरा जवळून आला. म्हणजे, लवकर नाही, दाराच्या जवळून.

"वेंडेलिन! पुरे झालं! ये बाहेर!"

धुराड्याच्या भोकातून बोलण्याची गुणगुण वर येत होती. शब्द कळत नव्हते. एक आवाज वेंडेलिनचा, हसतखेळत, काहीतरी समजावून सांगणारा. मध्ये मध्ये तो थांबे. समोरचा प्रश्न विचारत असताना माणूस थांबतो तेवढाच. पण प्रश्न ऐकू येत नव्हता.

एवाल्डची नजर फळीवर गेली. दोन बिल्ले. एक पितळी, एक जस्ताचा.

आणि त्याला त्यातली शिस्त दिसली. फळी म्हणत होती आत दोन. उत्तरही आलं दोन. मघाशी तो आत होता तेव्हाही फळीवर दोनच होते. नोंद आणि उत्तर जुळत होतं. सगळं काही नियमानुसार चाललं होतं. चूक होती ती नोंदीत, आणि नोंद त्याने केली होती.

कारकुनाला नोंद चुकली की एकच उपाय सुचतो. त्याने अंडाकृती बिल्ला खिळ्यावरून काढून मुठीत धरला. धातू त्याच्या बोटांहून गार होता. बिल्ला ज्याचा त्यानेच काढायचा, हे त्याला आठवलं. पण काढून झाल्यावर.

गुणगुण थांबली.

त्याने सळई वाजवली.

बराच वेळ काही नाही. मग एक ठोका. एकच.

सावकाश.

५

तो आत शिरणार, एवढ्यात दाराशी पावलं वाजली आणि वेंडेलिन बाहेर आला.

वेंडेलिनचा सकाळपासूनचा जाड हिरवा कोट. गळ्यापर्यंत बटणं लावलेली. कोट अंगाला घट्ट होत असल्यामुळे वेंडेलिन वरची दोन बटणं कधी लावत नसे, पण थंडी होती. टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. उजेडात आल्यावर तो डोळे बारीक करून उभा राहिला. आधी झाडांकडे बघितलं, मग आभाळाकडे, मग पुन्हा झाडांकडे. झाडं भलत्याच ठिकाणी लावून ठेवल्यासारखं.

"जीव खाल्लास माझा," एवाल्ड म्हणाला. हायसं वाटलं की तो नेहमी रागवत असे. "किती झाली?"

वेंडेलिन अजून झाडांकडेच बघत होता.

"छातीत दुखतंय का?"

वेंडेलिनने मान हलवली. नाही.

"मग बिल्ला काढ आणि चल. दोन बंकर उद्या करू. ओटिलीला सांगू, तू बसूनच होतास."

वेंडेलिनने फळीकडे पाहिलं. पितळी बिल्ला नाकासमोर लटकत होता. त्याच्या बापाचा, घासून गुळगुळीत झालेला. त्याने तो घेतला नाही. तो एवाल्डकडे वळला आणि तळहात वर करून हात पुढे धरला.

खिडकीपलीकडून असा हात आला की त्यात कागद ठेवायचा, हे एवाल्डच्या अंगात इतकं मुरलं होतं, की त्याच्या मुठीने त्याला न विचारताच काम केलं. अंडाकृती बिल्ला त्या तळहातावर पडला. बोटं मिटली. बिल्ला कोटाच्या आत, गळ्यापाशी गेला.

तेव्हा एवाल्डने पहिल्यांदा नीट वर पाहिलं.

चेहरा वेंडेलिनचा होता. नाक तेच, गाल तेच, हनुवटीवरचा व्रण बरोबर जागेवर. पण असा, की वेंडेलिन कसा दिसतो हे एकाने सांगावं आणि ज्याने त्याला कधी पाहिलं नाही अशा दुसऱ्याने त्यावरून काढावा. काही चुकलं नव्हतं. नुसतं ऐकीव होतं.

"मी पुढे होतो," तो म्हणाला. आवाज पडशाने बसल्यासारखा. "तू ये सावकाश."

तो वाटेला लागला. एवाल्डने त्याला अडवलं नाही. पुढे कोणी विचारलंच, तर त्याच्याकडे याचं कारण नव्हतं. पाय हलले नाहीत, एवढंच. हिरवा कोट धुक्यात करडा झाला.

आणि मग आत, खोल, भिंतीवर एक ठोका पडला. चटकन. टेबलावर मारतो तसा.

कोणी सळई वाजवली नव्हती.

६

एवाल्डने आपला बिल्ला खिळ्याला लावला. अशा वेळीही लावला. आपली विजेरी समोर धरून तो पहिल्या खोलीतून घसरत गेला. चार वटवाघळं आपापल्या जागी. दुसऱ्या खोलीत कड्या, फटीतली रांग. त्याचं मन एकसारखं दोन्हीकडून वाद घालत होतं. वेंडेलिन गेला, तू पाहिलास. मग आत जो बोलावतोय तो कोण? तो जर वेंडेलिन असेल, तर गेला तो कोण? ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, असा नियम होता. इथे साक्षीदार एकच होता.

तिसऱ्या खोलीच्या तोंडाशी तो थांबला. आत जावं की न जावं, हे त्याला ठरवता येईना.

"सतरा नाहीत," आतून आवाज आला. धापा टाकत, पण खवचट. "अठरा. एक बरोब्बर दाराच्या वर आहे. तुला मान वर करायचा कंटाळा, दुसरं काय."

एवाल्डने विजेरी वर केली. त्याच्या डोक्यावर, चौकटीच्या कोपऱ्यात, अठरावं होतं.

वेंडेलिन भिंतीला टेकून बसला होता. अंगात नुसता स्वेटर. ओठ शाईसारखे. एवाल्डने गुडघे टेकले, कुपी काढली, त्याच्या जिभेखाली एकदा फवारलं, दुसऱ्यांदा फवारलं, आणि त्याचे हात आपल्या कोटात घेतले.

"ओटिलीला सांगू नकोस."

"गप बस. कोट कुठाय?"

"त्याला दिला, टोपीही. गारठला होता बिचारा. अंगात काय होतं ते दिसलं नाही, पण ओलं होतं." वेंडेलिनने श्वास घेतला. "गेला का तो?"

"कोण होता?"

"असेल कोणीतरी म्हातारा भ्रमिष्ट. विजेरी टेकवून कोट काढत होतो, तर तीही विझली. मग अंधारातच बोलत बसलो. म्हटलं, तू येईपर्यंत बोलता ठेवावा. म्हणाला, मला घरी जायचंय, पण घर कुठलं ते आठवत नाही."

"मग?"

"मग काय, मी माझं सांगितलं. म्हटलं, हे असं असतं घर. आठवेल त्याला." तो कसनुसा हसला. "सगळं विचारलं रे त्याने. उतारावरून कसं जायचं. चर्चपासून कितवं. दार कुठल्या बाजूला. घरात कोण असतं. ती मला काय म्हणते, मी तिला काय म्हणतो. ओटिलीचं नाव दोनदा म्हणवून घेतलं माझ्याकडून. शेवटी माझ्या तोंडावरून हात फिरवला. आंधळे फिरवतात ना, तसा. गार हात. तेव्हा मात्र छातीत धरलं."

एवाल्डने खिशातून मोबाइल काढला. दरीत कधीच रेंज नसे; आतही नव्हती. साडेतीन वाजले होते. गाव वर, चढाच्या वाटेने अर्ध्या तासावर. तरण्या पायांनी त्याहून कमी.

"उठता येईल?"

वेंडेलिनने प्रयत्न केला. पाय उचलला गेला नाही. "थोडं थांबू. दोन मिनिटं." मग त्याने एवाल्डची बाही पकडली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. "मला इथे टाकून जाऊ नकोस, एवाल्ड."

जसा नेतोयस तसा परत आण, ओटिली म्हणाली होती. आता धावत सुटावं तर हा इथे अंधारात मरणार. थांबावं, तर ती वर एकटी होती, आणि दाराला तिने दिवसा कधी कडी लावली नव्हती. एवाल्डने मेहुण्याचा हात सोडला नाही.

धुराड्याच्या भोकातून दिवसाचा उजेड रुपयाएवढा आत येत होता. त्याच भोकातून वरचा आवाजही आला. गोठलेल्या बर्फावरची पावलं. चढाची वाट बंकराच्या छपराशेजारून वळसा घेऊन जात असे. पावलं वळसा संपवून वर निघाली होती. घाई नव्हती. कुठे अडखळणं नव्हतं.

"ओटिली!" एवाल्ड त्या भोकाखाली उभा राहून ओरडला. "दार लाव! दाराला कडी लाव, ओटिली!"

अर्ध्या तासाच्या वाटेवर हे ऐकू जाणार नाही हे त्याला ठाऊक होतं. ऐकलं ते वरच्याने. पावलं थांबली.

मग वरून ते नाव आलं. "ओटिली." घशात अडकल्यासारखं, पहिलं अक्षर जड पडलेलं.

वेंडेलिनची बोटं एवाल्डच्या हातात घट्ट झाली.

"ओटिली," वरून पुन्हा आलं, आणि पावलं चालू लागली. या खेपेला ते हुबेहूब वेंडेलिनसारखं होतं. दमून घरी आल्यावर, दारातून, काय शिजतंय ते विचारायच्या आधी तो हाक मारतो तसं.